मुरूम, तालुका उमरगा

माझ्या गावाचं नाव मुरूम.
हसू नका, एसटीच्या पाटीवर लिहिलेलं असतं.
शाळेत गणिताचे सर हजेरी घेताना म्हणायचे,
"मुरुमात राहते, मुरूम वागवते.
बिराजदार, तुझ्यावर नुसतं डांबर ओतायचं बाकी आहे."
वर्ग हसायचा. मीही हसायचे,
हनुवटीवर हात ठेवून.

तेव्हा पंधरा. आता एकतीस.
वय झालं की जातील, म्हणाले. वय झालं.
लग्न ठरलं की जातील, म्हणाले.
बघायला आलेलेच गेले, हे राहिले.
मुलतानी माती, मसुरीचं पीठ, कडुलिंबाचा पाला,
एका मावशीच्या शब्दावर रात्रभर टूथपेस्ट,
मग गोळ्या.
गोळ्यांनी ओठ तेवढे फुटले.

मी आधार केंद्रावर बसते.
दिवसभर लोकांची तोंडं सरळ करते.
पदर मागं घ्या. चष्मा काढा. इकडं बघा, उजेडाकडं.
पांढऱ्या दिव्यात एकेक करून गाव पुढं बसतं
आणि मी कॅमेऱ्याच्या मागं.
जगातली सगळ्यात चांगली जागा.

एप्रिलात भिशी लागली.
आईला सांगितलं, लातूरला संगणकाचा कोर्स आहे,
आठ मंगळवार.

औसा रोड, बी-बियाण्याच्या दुकानावर दुसरा मजला.
डॉक्टरांनी भिंग धरलं.
"चिवट आहेत. निळा उजेड देऊन बघू, थोडा लाल.
खात्री देत नाही."
खात्री देत नाही म्हणणारा पहिलाच माणूस भेटला,
म्हणून पैसे भरले.

शेकडो बारीक दिवे, कणसातल्या दाण्यांसारखे,
चेहऱ्यापासून वीतभर.
आफरीन डोळ्यांवर काळ्या वाट्या बसवते.
"हलू नका ताई. वीस मिनिटं."
हलत नाही.
हललेल्यांचे फोटो रोज मीच पुसते.

भाजत नाही. कोमट लागतं फक्त.
वाट्यांच्या कडेनं निळं आत झिरपतं,
नीळ घातलेल्या बादलीत तोंड बुडवून बसल्यासारखं.
इतका वेळ माझ्या तोंडाकडं
काही न बोलता
कुणी बघितलं नव्हतं.

पाचव्या मंगळवारी लाइट गेली.
इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही.
खिडकीला काळा पडदा, अंधारात दोघी,
खाली सोयाबीनच्या पिशव्या उतरवल्याचा धप्प धप्प आवाज.
आफरीन म्हणाली, "माझे गेले ताई. खड्डे राहिले."
आणि माझं बोट धरून
स्कार्फच्या आत, गालावर टेकवलं.

मी रोज ठसे घेते, शंभर-शंभर बोटांचे.
गाल कधी बोटावर उमटला नव्हता.

मग लाइट आली.
राहिलेली अकरा मिनिटं पुरी केली.

खाली मे महिना उभा. औशापर्यंत खिडकीची जागा नाही,
मिळाली तर उन्हाच्या बाजूची.
डॉक्टर म्हणाले होते, ऊन टाळा.
उजेडानं बरं व्हायचं
आणि घरी जाताना उजेडालाच चुकवायचं,
ओढणीचे तीन वेढे घेऊन.
शेजारची बाई विचारते, "कुठं जायलीस गं?"
मुरूम, म्हणते. ओढणीतून नीट ऐकू जात नाही.
"काय?"
मुरूम, मुरूम.

आठ झाले.
निम्मे गेले असतील, निम्मे ठिय्या देऊन बसलेत.
आईनं विचारलं, "सर्टिफिकेट?"
यायचंय, म्हटलं.
तिनं माझ्या गालाकडं बघितलं
आणि तव्यावरची भाकरी उलटली.

काल कदेरहून एक म्हातारी आली.
खुरप्यानं बोटं झिजलेली, दहाही उमटेनात.
म्हटलं, राहू द्या मावशी, तोंड इकडं करा.
तिनं पदर गालावर ओढला.
देवीचे वण, लहानपणचे, कपाळापासून हनुवटीपर्यंत.
"हे येतंय का गं त्यात?"
मी दिवा जरा कलता केला.
"येतंय," म्हटलं.
तिनं पदर सोडला. माझ्याकडं बघितलं,
अगदी जवळून, डोळे बारीक करून.
"तुझं बी येत असंल की."

हलू नका मावशी, म्हटलं.
वीस मिनिटं नाही,
दोनच सेकंद.